गुप्तपणे उचललं जाणं: ही शिकवण स्वतः तपासायची असेल तर

बाबांना मूठमाती दिली त्या दुपारी गावच्या पाळकसाहेबांनी कबरीपाशी उभं राहून थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचला. तो उतारा मला तोंडपाठ होता. पुण्यातल्या आमच्या संगतीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सहा वर्षं संडे स्कूलमध्ये मी मुलांना तोच शिकवत होते. एके दिवशी प्रभू गुपचूप येईल, तयार असलेले विश्वासी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीसे होतील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षांचं महासंकट येईल, म्हणून झोपण्याआधी पापं कबूल करा. कबरीपाशी मात्र तेच शब्द आईला धीर देण्यासाठी वाचले जात होते, आणि आईला खरोखरच धीर येत होता. मी ओळ न् ओळ ऐकत उभी राहिले. त्यात गुपचूप काही नव्हतं. सात वर्षंही नव्हती.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी हा विषय तपासला. सुरुवात चुकीच्या टोकानं केली, काही माणसं दुखावली, बरीच पानं वाया घालवली. तुमच्या मनात हाच प्रश्न आला असेल आणि कुणाला विचारावं हे कळत नसेल, तर माझ्या वर्षाचा तुम्हाला उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. येशू पुन्हा येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न फक्त इतकाच आहे की जगाला न दिसणारं, महासंकटाच्या सात वर्षं आधीचं, असं एक वेगळं येणं पवित्र शास्त्र शिकवतं का. ही शिकवण मानणारी माणसं लबाड नाहीत. ज्या ताईंनी मला गुडघ्यावर बसून प्रार्थना करायला शिकवलं त्या आजही ती मानतात, आणि माझ्यासाठी रोज प्रार्थना करतात.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- पवित्र शास्त्राची किमान दोन मराठी भाषांतरं. बायबल सोसायटीचं नेहमीचं आणि सोप्या भाषेतलं एखादं. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर जरूर घ्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलं, १९२२ साली त्या वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली छापून झाला. सामान्य बायकांना वाचता यावं म्हणून एका विदुषीनं मूळ भाषांपर्यंत जावं, ही आठवणच या कामात बळ देते.
- यातली निदान एक प्रत तळटीपा नसलेली हवी. हे का, ते सातव्या पायरीत येईल.
- मूळ शब्द शोधण्याचं साधन. ‘ब्लू लेटर बायबल’ किंवा ‘बायबल हब’ या संकेतस्थळांवर ते फुकट मिळतं. इंग्रजी जेमतेम येत असलं तरी चालतं, कारण प्रत्येक ग्रीक शब्दाला क्रमांक दिलेला असतो. तीन क्रमांक वहीत लिहून ठेवा: ७२६ (हार्पाझो, म्हणजे हिसकून किंवा उचलून घेणं), ५२९ (अपान्तेसिस, म्हणजे सामोरं जाणं) आणि ३९५२ (परूसिया, म्हणजे येणं, आगमन).
- एक वही. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘वचनात लिहिलं आहे ते’, उजवीकडे ‘मला शिकवलं गेलं ते’.
- एक सोबती. नवरा, बहीण, मंडळीतलं (चर्चमधलं) कुणीतरी. तुमच्याशी सहमत नसलेला असेल तर फारच उत्तम.

आणि निदान तीन महिन्यांचा वेळ. एका रात्रीत व्हिडिओ बघून हे होत नाही.

१. शिकवणीचे तुकडे करा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे घाई करू नका. ‘रॅप्चर’ किंवा ‘मंडळीचं वर घेतलं जाणं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात चार वेगवेगळे दावे असतात. एक, प्रभू येशू पुन्हा येईल. दोन, तो येईल तेव्हा मेलेले विश्वासी उठतील आणि जिवंत असलेले त्यांच्यासह वर घेतले जातील. तीन, हे त्याच्या गौरवी, जाहीर येण्याच्या सात वर्षं आधी घडेल. चार, जगाला ते दिसणार नाही, माणसं गायब झालेली तेवढी कळतील.

पहिले दोन दावे पवित्र शास्त्रात स्पष्ट आहेत. ते कुणी नाकारत असेल तर वाद वेगळा आहे. तपासायचे आहेत तिसरा आणि चौथा. पुढे कुठलंही वचन समोर आलं की वहीत त्याच्यापुढे आकडा टाका: हे वचन कुठला दावा सिद्ध करतं? माझ्या वहीत पहिल्या महिन्यात एक आणि दोन हे आकडे पानोपानी होते. तीन आणि चार लिहायची वेळ येत नव्हती.

इथला सापळा असा: ‘रॅप्चर हा शब्द बायबलमध्ये नाही’ असं म्हणून कुणाशी वाद घालू नका. मीही घातला आणि तोंडघशी पडले. लॅटिन बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांच्या पत्रात ‘रापिएमुर’, म्हणजे ‘आपण उचलले जाऊ’, असं क्रियापद आहे आणि त्याच धातूपासून हा इंग्रजी शब्द आला. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्द तरी शास्त्रात कुठे आहे? शब्द सोडा, दावा धरा.

२. पहिलं थेस्सलनीकाकर पत्र एका बैठकीत, मोठ्यानं वाचा

फक्त चौथा अध्याय नको. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. वीस मिनिटं लागतात.

हे पत्र प्रेषित पौलानं साधारण इ.स. ५० किंवा ५१ मध्ये लिहिलं, नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी ते एक आहे. थेस्सलनीका या शहरातली मंडळी अगदी कोवळी होती आणि पहिल्या दिवसापासून छळ सोसत होती. त्यातच त्यांच्यातली काही माणसं वारली. मागे राहिलेल्यांना प्रश्न पडला, प्रभू येईल तेव्हा आपले मेलेले लोक त्या आनंदाला मुकतील का? चौथ्या अध्यायाचं तेरावं वचन नीट बघा. आशा नसलेल्या इतरांसारखं तुम्ही दुःख करू नये, असं तिथे म्हटलं आहे. मग अठरावं वचन बघा. या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. या दोन वचनांच्या मध्ये जे काही आहे ते शोक करणाऱ्या घराला दिलेलं उत्तर आहे. ‘तू मागे राहशील का?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नाही. मेलेले मागे राहतील का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि पौल सांगतो, नाही, तेच आधी उठतील.

आता सोळाव्या वचनातले आवाज मोजा. आज्ञेची गर्जना, आद्यदेवदूताची वाणी, देवाचा कर्णा. नव्या करारात इतका गलका असलेली वचनं थोडीच असतील. हाच उतारा ‘गुप्त’ येण्याचा मुख्य आधार म्हणून वापरला जातो. कर्णा फक्त विश्वासणाऱ्यांनाच ऐकू येईल, असं मी मुलांना सांगत असे. वहीच्या डाव्या बाजूला ते कुठे लिहावं हे मला सापडलं नाही, कारण वचनात ते नाही.

पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रभूचा दिवस चोरासारखा येईल असं म्हटलं आहे. चोर म्हणजे गुपचूप, असं आपण गृहीत धरतो. मग पेत्राचं दुसरं पत्र, तिसरा अध्याय, दहावं वचन काढा. तिथेही तो दिवस चोरासारखाच येतो, आणि त्या दिवशी आकाश मोठा नाद करत नाहीसं होतं. चोराची उपमा बेसावधपणाबद्दल आहे. शिवाय पौल लगेच म्हणतो, तुम्ही अंधारात नाही, तुम्हाला तो दिवस चोरासारखा गाठणार नाही.

३. ‘सामोरं जाणं’ या शब्दापाशी थांबा

सतराव्या वचनात आपण अंतराळात प्रभूला सामोरे होण्यासाठी घेतले जाऊ असं आहे. मूळ शब्द अपान्तेसिस. एखादा राजा किंवा मोठा अधिकारी नगराकडे येत असला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला भेटत आणि मानानं आत आणत, त्या भेटीसाठी हा शब्द ग्रीक लेखनात वापरलेला दिसतो. नव्या करारात तो आणखी दोन ठिकाणी आहे. मत्तय २५:६ मध्ये मध्यरात्री हाक येते, वर (नवरदेव) आला, त्याला सामोरे जा. कुमारी बाहेर जातात आणि त्याच्याबरोबर लग्नघरात शिरतात. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये पौल बंदिवान म्हणून रोमकडे येत असतो. रोममधले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर, त्याला सामोरे येतात. त्याला भेटून ते पुढे कुठे निघून जात नाहीत, त्याच्यासह रोमला परततात.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. वऱ्हाड शिवेवर आलं की मुलीकडची माणसं सामोरी जातात. हिंदू घरांत त्याला सीमांतपूजन म्हणतात, आमच्या ख्रिस्ती घरांतही वाजंत्री घेऊन वराला चर्चच्या दारापर्यंत आणतातच. शिवेवर वराला भेटून त्याच्याचबरोबर त्याच्या गावाला निघून जाणारं कुणी मी पाहिलेलं नाही. वर मांडवात येतो.

तरीही एक सावधगिरीची सूचना. या एकाच शब्दावर सगळी इमारत उभी करू नका. शब्द ‘भेट’ इतक्या साध्या अर्थानंही वापरला जातो, आणि वर घेतल्यावर पुढे नेमकं कुठे, हे पौल या वचनात सांगत नाही. तो एवढंच म्हणतो की आपण सर्वदा प्रभूजवळ राहू. हा शब्द साक्षीदार म्हणून बळकट आहे, एकटा निकाल देण्याइतका नाही.

४. समोरच्याची वचनं त्याच्याच हातून घ्या

तुमच्या सोबत्याला किंवा पाळकांना विचारा, या शिकवणीसाठी तुमची सर्वांत भक्कम वचनं कुठली? मग तीच उघडा. सोपी वचनं निवडून जिंकण्यात अर्थ नाही. मला मिळालेली यादी अशी.

मत्तय २४:४०-४१. शेतात दोघं, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल. जात्यावर दळणाऱ्या दोघी, एक घेतली जाईल, एक ठेवली जाईल. आमच्या वर्गाच्या भिंतीवर हेच चित्र होतं. एक वचन मागे जा. नोहाच्या दिवसांत जलप्रलय आला आणि सगळ्यांना वाहून नेलं, तसंच मनुष्याच्या पुत्राचं येणं होईल. तिथे नेले गेले ते बुडाले, आणि मागे राहिला तो नोहा. लूक १७ मध्ये शिष्य विचारतातही, प्रभू, कुठे? उत्तर येतं, जिथे प्रेत तिथे गिधाडं जमतील. हे काही स्वर्गाचं वर्णन नाही. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की जलप्रलयाच्या वचनातलं क्रियापद आणि ‘घेतला जाईल’ यातलं क्रियापद ग्रीकमध्ये वेगवेगळी आहेत, आणि दुसरं योहान १४:३ मध्ये ‘तुम्हांला आपल्याजवळ घेईन’ असं प्रेमानं आलं आहे. समोरचे हे दाखवतात तेव्हा ते चूक बोलत नाहीत. पण घेतले जाणं चांगलं की वाईट, हे कसंही ठरवलं, तरी सात वर्षं आणि गुप्तता तिथे येत नाही. त्याच अध्यायाच्या २९ ते ३१ वचनांत निवडलेल्यांना गोळा करणं संकटानंतर आहे, कर्ण्यासह आहे, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत आहे.

योहान १४:१-३. पित्याच्या घरात पुष्कळ राहण्याच्या जागा. सुंदर वचन आहे. वहीत त्याच्यापुढे एक आणि दोन हे आकडे येतात, तीन येत नाही.

प्रकटीकरण ३:१०. फिलदेल्फियाच्या मंडळीला वचन आहे की परीक्षेच्या घटकेपासून मी तुला राखीन. ‘पासून राखणं’ म्हणजे आधीच उचलून नेणं, असं शिकवतात. ‘राखणं’ हे क्रियापद आणि ‘पासून’ अशी हीच जोडी योहान १७:१५ मध्ये आहे, आणि तिथे येशू स्वतःच सांगतो, यांना जगातून काढून घ्यावं अशी माझी विनंती नाही, त्या दुष्टापासून यांना राखावं अशी आहे. हे वचन सापडलं त्या दिवशी मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले.

प्रकटीकरणात चौथ्या अध्यायापासून एकविसाव्यापर्यंत ‘मंडळी’ हा शब्द दिसत नाही, म्हणजे मंडळी पृथ्वीवर नाही, असंही सांगतात. तेवढ्या अध्यायांत शब्द दिसत नाही हे खरं आहे, तो पुन्हा येतो तो थेट २२:१६ मध्ये. पण मार्क, लूक आणि योहान यांच्या शुभवर्तमानांतही तो दिसत नाही. आणि प्रकटीकरणाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत पवित्र जन आहेत, सोसत आहेत, येशूवरचा विश्वास राखत आहेत.

१ थेस्सलनी ५:९. देवानं आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही. हा त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे असं मला वाटतं. उत्तर त्याच पत्रात आहे. तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो, या संकटांसाठीच आपण नेमलेले आहोत, हे तुम्हाला ठाऊक आहे. क्रोध वेगळा, संकट वेगळं. देवाचा क्रोध विश्वासणाऱ्यावर नाही. जगाकडून येणारं संकट त्याला चुकलेलं नाही, आणि चुकेल असं प्रभूनं कधी म्हटलं नाही.

राहिला एक प्रश्न, आणि तो खरा आहे: आधी काही चिन्हं घडायची असतील तर ‘जागृत राहा’ याला अर्थ काय? यावर मी बराच काळ अडले होते. मग योहान २१ वाचताना दिसलं की पेत्राला प्रभूनं सांगितलं होतं, तू म्हातारा होशील आणि दुसरे तुला बांधून नेतील. म्हणजे प्रभू उद्याच येईल असं पेत्र धरून चालूच शकत नव्हता. तरी जागृत राहा असं आग्रहानं लिहिणारा तोच आहे. जागृत राहणं हे विश्वासूपणानं जगणं आहे, त्यासाठी घटकेची अनिश्चितता पुरते.

५. दुसरं थेस्सलनीकाकर पत्र विसरू नका

मी सुरुवातीला विसरले होते. पहिल्या अध्यायाचं सहावं-सातवं वचन बघा. छळ सोसणाऱ्यांना विश्रांती केव्हा मिळेल? प्रभू येशू सामर्थ्यवान दूतांसह, अग्निज्वालेत प्रकट होईल तेव्हा. सात वर्षं आधीच सुटका असती तर विश्रांती तेव्हाच मिळायला हवी होती. दुसऱ्या अध्यायात ‘प्रभूचं येणं आणि त्याच्याजवळ आपलं एकत्र होणं’ एकाच दमात आलं आहे, आणि अनीतिमान पुरुष प्रकट झाल्याशिवाय तो दिवस येणार नाही असं म्हटलं आहे. ३९५२ हा क्रमांक शोधा. पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या ‘उचलण्याच्या’ वेळी जो परूसिया शब्द आहे, तोच इथे अनीतिमानाचा नाश करणाऱ्या येण्यासाठी आहे आणि तोच मत्तय २४ मध्ये विजेसारख्या, सर्वांना दिसणाऱ्या येण्यासाठी.

६. दानीएलाच्या नवव्या अध्यायात अडकू नका

सात वर्षांचा आकडा इथून काढतात. सत्तर सप्तकं (सात-सात वर्षांचे गट), म्हणजे ४९० वर्षं: आधी सात, मग बासष्ट, मग एक. एकोणसत्तर सप्तकांनंतर देवाचं घड्याळ थांबलं, मधे मंडळीचं युग आलं, आणि शेवटचं सप्तक पुढे कधीतरी सुरू होईल, अशी मांडणी आहे. तुम्ही एवढंच तपासा: वचनात ते अंतर सांगितलं आहे का? मंडळीचं उचललं जाणं तिथे आहे का? माझ्या वाचनात दोन्हीची उत्तरं नाही अशीच आली. सुरुवातीची तारीख कुठली धरायची यावर अभ्यासकांत फार मतभेद आहेत. मी दोन महिने कॅलेंडरं मांडत बसले होते. तुम्ही बसू नका.

७. इतिहास वाचा, पण त्यालाच पुरावा समजू नका

ही मांडणी आजच्या रूपात १८३० च्या दशकात आकाराला आली. जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) हा आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चचा पाळक होता, तो पुढे प्लिमथ ब्रदरन या चळवळीचा पुढारी झाला. डब्लिनजवळ पॉवरस्कोर्ट इथे १८३१ पासून भविष्यवाण्यांवर परिषदा भरत होत्या, तिथे या विचारांवर चर्चा झाल्या. डार्बीच्या स्वतःच्याच चळवळीतले बेंजामिन विल्स न्यूटन आणि बायबलच्या ग्रीक हस्तलिखितांचे मोठे अभ्यासक सॅम्युएल ट्रेगेलिस यांनी ही शिकवण मान्य केली नाही. पुढे डार्बी अमेरिकेत अनेकदा गेला, आणि १९०९ साली सी. आय. स्कोफील्ड यांचं संदर्भ बायबल ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलं. त्यात वचनांच्याच पानावर खाली या मांडणीच्या टीपा होत्या. वाचणाऱ्याच्या मनात वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली याची रेघ पुसट होत गेली. तळटीपा नसलेली प्रत घ्या असं मी म्हटलं ते यासाठी.

त्याआधी मंडळी काय मानत होती? पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ या छोट्या ग्रंथाच्या शेवटी क्रम आहे: आधी जगाला फसवणारा, मग अग्निपरीक्षा, मग कर्ण्याचा नाद, मेलेल्यांचं उठणं आणि मेघांवर प्रभूचं येणं. निकीयाच्या मतांगीकारात, म्हणजे मंडळ्यांच्या जुन्या विश्वासाच्या निवेदनात, तो जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला गौरवानं पुन्हा येईल, एवढं एकच येणं आहे. वसई-गोव्याचे कॅथलिक हे शिकवत नाहीत, ऑर्थोडॉक्स मंडळ्या शिकवत नाहीत. आपल्या मराठी मंडळ्यांचा पाया घालणारे लोक, १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी आणि १८२९ साली आलेले डॉ. जॉन विल्सन, हे तर ही मांडणी रूढ होण्याआधीच इथे पोचले होते. आजी-पणजीच्या तोंडून हा विषय तुम्ही कधी ऐकला नसेल तर त्याचं एक कारण हेही असू शकेल.

दोन सापळे आहेत. ‘नवीन म्हणून खोटी’ असं म्हणू नका. शिकवण वचनावर तोलायची, वयावर नव्हे. ही शिकवण डार्बीच्या आधीही होती हे दाखवायला समोरचे लोक अठराव्या शतकातल्या मॉर्गन एडवर्ड्स या बाप्टिस्ट पाळकाचं आणि एफ्राइम या प्राचीन सिरियन लेखकाच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रवचनाचं नाव घेतात. ते ऐकून घ्या, वाचा, काय सिद्ध होतं ते आकड्यांत तोला. दुसरा सापळा, मार्गारेट मॅकडॉनल्ड नावाच्या स्कॉटिश मुलीच्या १८३० मधल्या दृष्टान्तातून डार्बीनं हे उचललं, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे सांगितलेली सापडेल. त्यावर वाद आहे. ती तुमच्या बोलण्यात आणू नका, एका वादग्रस्त गोष्टीमुळे बाकीचं खरं बोलणंही वाया जातं.

८. तारीख सांगणाऱ्यापासून लांब राहा

१९८८ चा सप्टेंबर अमेरिकेत. २८ ऑक्टोबर १९९२ कोरियात. २१ मे २०११ पुन्हा अमेरिकेत. २०२५ चा सप्टेंबर तर आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आला. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेले पैसे घालवले. न्यायानं हेही सांगते की ही शिकवण मानणारे बहुतेक गंभीर शिक्षक स्वतः तारखा ठरवण्याच्या विरोधात आहेत. तारखेचं पाप त्यांच्या माथी मारू नका.

९. पाळकांशी कसं बोलावं

इथे मी सर्वांत मोठी चूक केली. एका रात्री, बारा वाजून गेल्यावर, मी संगतीच्या व्हॉट्सअॅप गटावर चौदा मुद्द्यांचा संदेश टाकला. सकाळपर्यंत दोन कुटुंबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पुढच्या रविवारी माझा वर्ग दुसऱ्या ताईंकडे गेला. माझे मुद्दे बरोबर असतीलही, पण मी भावांना आणि ताईंना सर्वांसमक्ष उघडं पाडलं होतं, आणि त्याबद्दल मला घरोघर जाऊन क्षमा मागावी लागली.

तुम्ही असं करा. आधी आपल्या मंडळीचं विश्वासाचं निवेदन मिळवून वाचा. ही शिकवण त्यात कलम म्हणून असेल तर पाळकांनी त्यावर सही केलेली असू शकते. त्यांच्यासाठी हा नुसता अभ्यासाचा प्रश्न नाही, घराचाही आहे. हे मनात ठेवून बोला. एकटे भेटा, रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत नको. निष्कर्ष घेऊन जाऊ नका, एक वचन घेऊन जा. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा फक्त २ थेस्सलनी १:७ नेलं आणि म्हटलं, पास्टर, मला हे समजावून सांगा. ते तासभर बोलले. आमचं एकमत झालं नाही. पण निघताना त्यांनी प्रार्थना केली आणि पुढच्या भेटीचा दिवस त्यांनीच ठरवला.

रागाच्या भरात मंडळी सोडू नका. मुलांना हे शिकवायची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर तेवढा धडा माझ्याकडून होणार नाही, असं वेळेवर आणि समोर सांगा.

१०. भीती सर्वांत शेवटी जाते

वही पूर्ण झाली तरी अंगातली भीती लगेच जात नाही. घरात हाक मारली आणि ओ आली नाही की माझ्या पोटात अजूनही क्षणभर गोळा येतो. अशा वेळी वाद आठवू नका, तेरावं ते अठरावं वचन मोठ्यानं वाचा. रात्री युगांताचे व्हिडिओ बंद ठेवा. झोप उडाली असेल, सतत तीच धास्ती वाटत असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, त्यात विश्वासाची काही हानी नाही.

लहान मुलांना मात्र तुम्हालाच जाऊन सांगावं लागतं. माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. वर्ग माझ्याकडून गेल्यावर तिच्या आईनं मला सांगितलं की ती रोज रात्री आपल्या फ्रॉकचा बंद आईच्या पदराला बांधून झोपते, म्हणजे आई वर गेली तर तीही ओढली जाईल. हे माझ्या शिकवण्याचं फळ होतं. मी त्यांच्या घरी गेले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, बाळा, मी तुला चुकीचं शिकवलं. मग आम्ही दोघींनी तो उतारा सावकाश वाचला. गर्जना, कर्णा, मेघ, आणि ‘त्यांच्याबरोबर’ हा शब्द. सगळे एकत्र, असं मी म्हटलं.

तिनं विचारलं, आजीपण? तिची आजी मागच्या पावसाळ्यात वारली होती.

मी सोळाव्या वचनावर बोट ठेवलं. आजी आधी, असं लिहिलंय.